चिमटाबाईंचं गोल स्टूल

छापखान्यात त्यांना सगळे चिमटाबाई म्हणत. जुळवलेल्या मजकुरात चुकीचा खिळा, म्हणजे शिशाचं सुटं अक्षर, सापडला की तो उपटायला लागणारा बारीक पोलादी चिमटा त्यांच्या अंबाड्यात कायम खोचलेला असे. त्यांच्या जिभेलाही तसलाच एक आहे असं मशीनवाला म्हणायचा, पण त्या ऐकत नसताना. एकोणीस वर्षं त्या खिडकीजवळच्या एकाच गोल स्टुलावर बसून शिशाची अक्षरं जुळवत आल्या होत्या. मुंगीच्या डोक्याएवढी अक्षरं, तीही आरशात दिसावीत तशी उलटी, एकामागून एक हातातल्या पट्टीत लावायची आणि ओळ भरली की पुढची धरायची. येरागबाळ्याचं काम नव्हे ते. नवे लोक दुपारपर्यंत घामाघूम होत, आणि बाई मात्र कुणाच्या तरी फजितीची गोष्ट सांगत सांगत अख्खं पान उभं करत.

या बाईंचे डोळे चालले होते, आणि हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

वर्षभरापूर्वी नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग बसला. बघायला जावं तिथेच तो आधी जाऊन उभा. डॉक्टरांनी दोनदा काच बदलून दिली आणि तिसऱ्या खेपेला सांगितलं की दोष काचेचा नाही, मोठं दिसत राहील, बारीक मात्र विसरा. बाई घरी आल्या, भावजयीने विचारलं तेव्हा ‘थोडी उष्णता आहे’ म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या स्टुलावर जाऊन बसल्या. हातांना सगळं पाठ होतं. कुठलं अक्षर कुठल्या खणात, हे बोटं झोपेतही सांगत. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, ती चाचपली की सुलटं-उलटं कळतं. असं चाचपत चाचपत त्यांनी वर्ष काढलं. हिंमतीची बाई.

पण जुळवणं हे अर्धंच काम. छापून झालं की मजकूर मोडून एकेक खिळा परत आपल्या खणात टाकायचा असतो, आणि तिथे प्रत्येक अक्षर वाचावं लागतं. एका शनिवारी बाईंनी दोन मापांचे खिळे एकमेकांत मिसळले. सोमवारी शेजारच्या जुळाऱ्याने त्या खणांतून मजकूर जुळवला, तर छापलेल्या ओळी दात पडलेल्या कंगव्यासारख्या निघाल्या. पेटी रिकामी करून निवडायला तिघांचा दिवस गेला. कुणी केलं ते कळेना. मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की येत्या शनिवारी प्रत्येकाने माझ्यासमोर सगळ्यात बारीक खिळ्यांच्या दहा ओळी जुळवायच्या, ज्याच्या चुका निघतील तो सोमवारपासून घडीच्या टेबलावर.

घडीच्या टेबलावर दिवसभर छापील कागद दुमडायचे. काम वाईट नव्हतं, चांगली माणसं ते करत. पण तिथे अक्षर हाताला लागत नाही. बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण स्टुलासकट आत जावं.

आता मालकांबद्दल दोन शब्द. मालक भला माणूस, पण त्यांच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे ते कच्चा छाप कधी स्वतः वाचत नसत. हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि म्हणत, “वाचून दाखवा. कानाला खटकलं की चूक.” मोठ्या माणसाचा रुबाब म्हणून लोक वाचून दाखवत. दुसरी खोड वडिलांकडून आलेली. भिंतीवर लावायचा कागद असला की ते त्यावर आपला उजवा पंजा पसरून ठेवत. ज्या रिकाम्या जागी पंजा मावला तिथे वेल घाला, फुलं घाला, तारे घाला, बोट दाखवणारा हात घाला. कागद काय कोरा ठेवायला आणलाय? छापखान्यात त्याला ‘पंजा लागणे’ म्हणत. पंजा लागला की जुळारी मुकाट्याने वेलींच्या खणाकडे वळे.

त्याच सोमवारी नव्या पोहण्याच्या तलावाच्या समितीचे सचिव आले. रविवारी तलाव उघडायचा होता आणि गावभर भिंतींवर कागद लागायला हवे होते. मजकूर त्यांनी लिहून आणला होता आणि काही विसरायचं त्यांनी ठेवलं नव्हतं: अध्यक्षांचं नाव, उपाध्यक्षांचं नाव, वेळा, बायकांच्या वेगळ्या वेळा, साबण आणू नये, कुत्री आणू नयेत, पाण्यात थुंकू नये. मोठ्या अक्षरांचं काम म्हणून बाईंनी ते पुढे होऊन मागून घेतलं. निदान हे तरी दिसेल, एवढाच विचार. मालक म्हणाले, शुक्रवारी दुपारी सचिव बघायला येतील, तोवर तयार ठेवा.

मंगळवारी बाईंनी सगळं रीतसर केलं. सगळी नावं, सगळे नियम, चारी बाजूंनी वेल, कोपऱ्यांत कमळं. पंजा कुठेच मावणार नाही अशी चोख भरणी. मग जवळून नीट दिसेना म्हणून त्यांनी तो कागद रस्त्यापलीकडच्या गोदामाच्या भिंतीला चिकटवला आणि छापखान्यासमोरच्या ट्रामच्या थांब्यावर येऊन मागे वळून बघितलं.

भिंतीवर एक करडा चौकोन होता. वेल दिसत होती, बाकी नुसतं शेवाळ. म्हणजे मोठी अक्षरंही गेली. डॉक्टर खोटं बोलला.

शेजारी शाळेतल्या एक तरुण बाई ट्रामची वाट बघत होत्या. चिमटाबाईंनी आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं की समोर कसला कागद लागलाय हो, माझा चष्मा घरी राहिलाय. शाळेच्या बाईंनी बघितलं, डोळे बारीक केले आणि सांगितलं की नक्षी छान आहे, कापडाच्या दुकानाची जाहिरात असावी. चिमटाबाई चमकल्या. त्यांनी पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला औषधाची असेल. एक गृहस्थ म्हणाले, कुणाच्या तरी श्रद्धांजलीचा आहे. बाईंनी मग मोजून अकरा जणांना विचारलं, धडधाकट डोळ्यांच्या अकरा माणसांना, आणि एकालाही वाचता आलं नाही. बारावा फार सज्जन निघाला, तो रस्ता ओलांडून वाचायला गेला आणि त्याची ट्राम चुकली.

बाईंना इतका आनंद झाला की त्या तिथल्या तिथे हसायला लागल्या. डोळे आपले गेलेत हे खरं, पण हा कागद कुणालाच दिसत नाही! एकोणीस वर्षं आपण भिंतींवर कागद लावतोय, आणि लोक त्यांच्यापुढून ट्रामने जातायत, वेलबुट्टी छान आहे म्हणत. आपल्याला जे दिसेल ते सगळ्यांना दिसेल, एवढं साधं मोजमाप हाती लागलं होतं. बाई रस्ता ओलांडून आल्या त्या जवळजवळ धावतच, आणि आल्या आल्या त्यांनी सचिवांचा मजकूर उलटापालटा केला. साबण आणू नये हे भिंतीवर कशाला सांगायचं? साबण हातात घेऊन माणूस तलावाच्या दारात उभा राहील, तिथे लावा की. भिंतीवर हवं फक्त बोलावणं. बोलावायला किती शब्द लागतात? उन्हात उभ्या माणसाला एकच पुरे: पाणी.

एवढ्या मोठ्या मापाचं अक्षर छापखान्यात नव्हतंच. बुधवारी सकाळी बाई शेजारच्या सुताराकडे गेल्या. कोळशाने कागदावर हातभर उंचीची अक्षरं काढली, कागद खिडकीच्या काचेला उलटा धरून ती मागच्या बाजूने गिरवली आणि फळीवर चिकटवली. सुताराने विचारलं, शेपट्या नाहीत, गाठी नाहीत, हे अक्षर असं उघडंबोडकं कसं? बाई म्हणाल्या की तुझ्या करवतीला नखरे जमत असतील तर कर. करवतीला नखरे जमत नव्हते. सरळ दांड्या, सरळ कड, एक वळण असेल तर तेही पुरतं गोल. अक्षरं हातात आली तेव्हा बाईंनी ती छापखान्याच्या जमिनीवर मांडली आणि चार पावलं मागे सरल्या. ती स्पष्ट दिसत होती. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी लख्ख, कडेसकट दिसत होतं.

पण सरळ ठेवलेलं पाणी बाईंना पटेना. डबक्यासारखं दिसत होतं. त्यांनी शब्द पायाने ढकलून तिरका केला, वरून खाली, आणि तो एकदम निघालाच: सूर मारणाऱ्या माणसाचं अंग झालं त्याचं. आता त्याला फक्त डोकं हवं होतं. लाल, वाटोळं. सुताराने हाताने कापलेला गोल बटाट्यासारखा आला. डब्याची झाकणं पातळ होती. छापायच्या प्रत्येक गोष्टीची उंची खिळ्याएवढीच हवी. नखभर जास्त झाली तर कागद फाटतो, नखभर कमी झाली तर शाईच लागत नाही. वाटोळं, जाड, कातीव लाकूड कुठे मिळेल, असा विचार करत बाई दमून स्टुलावर बसल्या, आणि लगेच उठून त्यांनी ते स्टूल उलटं केलं.

मशीनवाला धावत आला. “बाई, अहो, मग बसणार कशावर?”

“बसायला वेळ कुणाला आहे,” बाई म्हणाल्या, “पाय काढ याचे.”

बैठकीला एकोणीस वर्षांत मधोमध चांगला खळगा पडला होता. मशीनवाला त्यावर काहीतरी बोलणार होता, पण बाईंच्या अंबाड्यातल्या चिमट्याकडे बघून त्याने पाय काढायला घेतले. खालची बाजू मात्र सपाट होती. ती वर घेऊन त्याने पायांची भोकं बुजवली, रंधा मारला आणि खाली कागदाचे थर चिकटवत चिकटवत तिची उंची खिळ्याला आणून भिडवली. वेडेपणा आहे हे त्याला दिसत होतं, पण त्याच्याही अंगात आता वारं शिरलं होतं.

गुरुवारी नवाच पेच पडला. लोखंडी चौकटीत अक्षरं चारी बाजूंनी आवळून बसवतात, आणि ती आवळणी सरळ उभ्या-आडव्या कामाची. तिरका शब्द चौकटीत राहीना. पाचरी मारल्या, त्या निसटल्या. मशीन सुरू झालं असतं तर अक्षरं मशीनवाल्याच्या डोक्यात बसली असती. तेव्हा बाईंना आपल्या धाकट्या भावाची आठवण झाली. तो हाडांच्या दवाखान्यात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचा. दुपारच्या सुट्टीत तो मोठ्या डॉक्टरांना विचारून दमट झालेलं, टाकून द्यायचं प्लास्टरचं अर्धं पोतं सायकलला बांधून घेऊन आला. त्याने चौकट बघितली, बाह्या सारल्या.

“ताई, फ्रॅक्चर कुठे आहे?”

“सगळीकडेच आहे,” बाई म्हणाल्या, “पण अक्षरांच्या डोक्यावर थेंबसुद्धा येता कामा नये.”

भावाने प्लास्टर कालवलं आणि अक्षरांच्या भोवतीच्या सगळ्या पोकळ्या हळूच भरून काढल्या, वरून अर्ध्या बोटाची जागा सोडून. मग दोघं भावंडं चौकटीच्या दोन बाजूंना हात धुऊन बसून राहिली, आणि भाऊ अधूनमधून शब्दाला बजावत होता की पेशंटने हलायचं नाही. अर्ध्या तासात पाणी असं घट्ट बसलं की हातोडी मारली तरी हलेना. जाता जाता भावाने विचारलं, “ताई, तुझी उष्णता कशी आहे?” बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. “बरी आहे,” त्या म्हणाल्या, आणि तो जास्त काही न विचारता सायकलवर बसून गेला.

संध्याकाळच्या आत पहिले छाप निघाले. आधी निळ्या शाईचा हात: तिरका शब्द आणि तळाशी पाण्याच्या दोन जाड पट्ट्या. शब्दाचं वरचं टोक कागदाच्या कडेला टेकलेलं, खालचं पट्ट्यांकडे झेपावलेलं. मग लाल शाईचा हात: त्या खालच्या टोकाशी स्टुलाची बैठक. लाल गोलात लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या. कोपऱ्यात चार बोटं उंच, जाड अक्षरांत एवढंच: रविवारपासून, टेकडीमागचा नवा तलाव. बाकी सगळा कागद कोरा. मशीनवाल्याने कागद उचलून धरला आणि म्हणाला की बाई, आता पोहता येत नाही याची लाज वाटायला लागली.

शुक्रवारी सकाळी मालक आले. कागद टेबलावर पसरलेला होता आणि सगळा छापखाना काम करण्याचं नाटक करत होता. मालकांनी पंजा ठेवला. मावला. सरकवला, परत मावला. दोन्ही पंजे शेजारी शेजारी ठेवले, कोपरापर्यंत हात ठेवला.

“बाई, इथे म्हैस बसेल.”

“मालक, इथे नका बघू. थांब्यावर चला.”

मालक कुरकुरत बाहेर आले. गोदामाच्या भिंतीवर बाईंनी सकाळीच एक प्रत लावून ठेवली होती, पण ते थांब्यावर पोचले तेव्हा नेमकी समोर ट्राम उभी होती. मालक वेलींच्या खणाबद्दल, वडिलांबद्दल, आजकालच्या लोकांबद्दल बोलत राहिले. मग घंटा वाजली, ट्राम निघाली आणि भिंत मोकळी झाली.

मालक बोलायचे थांबले.

“पाणी,” ते हळूच म्हणाले. मान पुढे काढून बराच वेळ बघत राहिले. मग एकेक शब्द सावकाश आला. “रविवारपासून. टेकडीमागचा... नवा तलाव.”

बाई भिंतीकडे बघायचं सोडून मालकांकडे बघायला लागल्या. कित्येक वर्षांत त्यांनी मालकांना काही वाचताना पहिल्यांदा ऐकलं होतं. वाचून दाखवा. कानाला खटकलं की चूक. आणि तो पंजा. वडील पंजा ठेवत ते हौसेने, पण यांना कागदावर काळं कुठे आणि पांढरं कुठे एवढंच दिसत असणार, म्हणून तेवढंच तपासत होते.

“किती वर्षं झाली, मालक?”

मालकांनी आधी न समजल्यासारखं केलं. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाले, “सात. चष्मे तीन झाले.”

“माझं एकच वर्ष झालंय. खिळे मीच मिसळले.”

पुढची ट्राम आली, थांबली, गेली. मालकांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच घडी घालून परत ठेवला. “उद्या तुम्हाला माझ्यासमोर दहा ओळी जुळवायच्या होत्या,” ते म्हणाले.

“आणि तुम्हाला त्या तपासायच्या होत्या.”

मालक आधी खोकले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि दोघं थांब्यावर उभी राहून इतकी हसली की एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्यापासून जरा लांब सरकून घेतलं.

दुपारी सचिव आले. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं की बाकीचं कधी छापणार. चिमटाबाई तोंड उघडणार तोच मालक पुढे झाले.

“बाकीचं छापायचं नाही,” ते म्हणाले. “तुमचे नियम वेगळ्या कागदावर देतो, दारावर लावा. हा पुरा आहे.”

अध्यक्षांचं नाव नाही म्हटल्यावर सचिवांचा चेहरा पडला. मालकांनी त्यांना दंडाला धरून थांब्यावर नेलं. तिथे पिशवीवाली एक बाई आपल्या मैत्रिणीला विचारत होती की रविवारी किती वाजता उघडतो गं तलाव, पोरांना न्यायला हवं. सचिवांना ते सहन झालं नाही. सकाळी सात वाजता, त्यांनी स्वतःच पुढे होऊन सांगितलं, आणि बायकांसाठी वेगळी वेळ आहे, आणि साबण आणू नका. परत आले ते खुशीत, दुप्पट प्रती सांगून गेले.

रविवारी तलावावर पाय ठेवायला जागा नव्हती म्हणतात. चिमटाबाई गेल्या नाहीत, त्या थांब्यावर उभ्या होत्या, ट्रामच्या खिडक्यांतून वळणाऱ्या माना बघत.

शनिवारची परीक्षा झालीच नाही. मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की खिळे कुणी मिसळले ते कळलं आहे आणि विषय संपला आहे, बारीक काम यापुढे इतरांनी करायचं, भिंतीवरचं सगळं बाई बघतील. कुणी का म्हणून विचारलं नाही. छापखान्यातल्या लोकांना बरंच काही ठाऊक असतं, फक्त ते छापत नाहीत. बाईंनी पुढे बारा वर्षं भिंतीवरचे कागद केले: सर्कशीचे, पुस्तकालयाचे, बटाट्याच्या बाजाराचे. प्रत्येकाचा पहिला छाप आधी समोरच्या भिंतीवर लागे आणि मालक थांब्यावर उभे राहून तो मोठ्याने वाचत. त्यांना वाचता आला की कागद पास. पंजा कुणाला परत लागला नाही.

पण त्या शनिवारची एक गोष्ट राहिली. वाढीव प्रतींच्या लाल हातासाठी स्टुलाची बैठक मशीनवर परत चढली होती आणि खिडकीजवळची स्टुलाची जागा मोकळी पडली होती. मशीनवाल्याला रिकामी जागा बघवेना, एकोणीस वर्षांची सवय. त्याने तिथे कागदाचे दोन गठ्ठे आणून ठेवले आणि तिसरा आणायला वळला. मालक दारातून बघत होते. ते स्वतः आले, वाकले, आणि कधी नव्हे ते धोतराला धूळ लावून घेत गठ्ठे बाजूला ओढायला लागले.

“तिथे काही ठेवू नकोस,” ते म्हणाले. “बाईंना मागे सरायला जागा लागते.”